पहिला प्याला कोणाचा?

(पारगाव, ता. आंबेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तमाशाची पंढरी म्हणविणारे नारायणगाव येथून जवळच आहे. तेव्हा नाटक म्हणजे काय, हे पारगावकरांना मी सांगावे असे नाही. मला एवढेच विचारायचे आहे : माणसाचा नाश दैव करते, की तो स्वतः ओढवून घेतो?

ग्रीक नाटकातील इडिपसच्या वाट्याला भविष्यवाणी येते. ती चुकविण्यासाठी तो घर सोडतो आणि त्याच वाटेने तिच्या जबड्यात जाऊन पडतो. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त भविष्यवाणी नाही की शाप नाही. १९१९च्या जानेवारीत अवघ्या ३३व्या वर्षी गडकरी गेले. त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते आणि त्या अपमानाच्या आगीत कारकून तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो.

आपण आजवर तळीरामाला शिव्या देत आलो. ते सोयीचे आहे. घराघरांत 'आमच्या मुलाला मित्रांनी बिघडविले' असे म्हणतात, तसेच. पण प्याला ओठांपर्यंत नेणारा हात सुधाकराचा होता. त्या क्षणी तो पूर्ण स्वतंत्र होता; आणि माझ्या मते, नंतर तितका कधीच नव्हता. व्यसनी माणसाला परत फिरणे का अशक्य होते, हे तो स्वतःच रामलालला समजावून सांगतो. पुढे तो दारू सोडण्याची प्रतिज्ञा करतो, कामधंदा शोधायला निघतो. जुने परिचित त्याचा पाणउतारा करतात आणि प्रतिज्ञा मोडते. येथे केवळ त्याच्या दुबळ्या इच्छाशक्तीला दोष देऊन समाजाला हात झटकता येणार नाहीत.

याच नाटकात भगीरथ आहे. तोही प्रेमभंगाने पोळलेला, तोही आर्य मदिरा मंडळाच्या बैठकीतला. तो मात्र सावरतो, कारण रामलाल त्याला सेवेच्या कामाला लावतो. निर्धार भगीरथाचाच, पण पाय टेकायला जागा दुसऱ्याने दिली. गीतेत अठरा अध्याय सांगून झाल्यावर श्रीकृष्ण निर्णय अर्जुनावरच सोपवितो, हे आपण अभिमानाने सांगतो. तोपर्यंत तो रथावरून उतरून गेला नव्हता, हेही सांगावे.

आता सिंधू. पिढ्यान्पिढ्या तिला पतिव्रतेचा आदर्श म्हटले गेले. मला तसे म्हणताना अडखळायला होते. सधन माहेर असूनही ती जात नाही, लोकांची दळणे दळते, नवऱ्याच्या हातून मूल जाते आणि मरतानाही त्याला वाचविण्यासाठी ती खोटे बोलते. ही निवड तिचीच. पण त्या काळाने तिच्यापुढे दुसरे काय ठेवले होते?

आज महाराष्ट्रात नियम आहे. गावातील एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान होते. निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडली, तर दुकान बंद होते. सिंधूच्या हाती ती मतपत्रिका असती तर? नवऱ्याच्या शब्दाने बांधलेल्या त्या बाईने उभ्या बाटलीवरच शिक्का मारला असता, अशी मला भीती वाटते. माझ्या पत्नीला हे मुळीच मान्य नाही. मागे बसलेल्या भगिनींचे काय मत आहे, ते व्याख्यानानंतर मला अवश्य सांगावे.