प्रदर्शनात येणाऱ्या बाईलाही बोलू द्या

मी बचत गटांची सहयोगिनी. आज बोलायचंय ते जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाबद्दल.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा वस्तू हौसेनं जमवल्या आणि पुढं हा संग्रह सरकारला दिला. आपल्या घरातल्या वस्तूही जपण्यासारख्या आहेत, हे तिथं कळतं.

पण जिनं जन्मभर दळण दळलं, तिला जात्याबद्दल पाटीवर लिहिलंय त्याहून जास्त ठाऊक असतं. प्रदर्शनात तिला विचारतं कोण? दाराशी अभिप्रायाची वही असते. लिहिता येत नाही ती बाई तशीच बाहेर पडते.

अहमदाबादच्या ‘कॉन्फ्लिक्टोरियम’ या संग्रहालयात माणसामाणसांतले तंटे हा विषय आहे. तिथं मनातली माफी चिठ्ठीवर लिहून झाडाला बांधता येते. म्हणजे पाहायला आलेला माणूसही काही ठेवून जातो. आपल्याकडे चिठ्ठीऐवजी दुसरी सोय करता येईल. गटाचं प्रदर्शन मांडाल तेव्हा तीन गोष्टी ठरवा.

पहिली, प्रश्न नेमका विचारा. “कसं वाटलं?” म्हटलं की “छान” म्हणून बाई पुढं जाते. “जात्यावर तुमच्यासोबत कोण बसायचं?” म्हटलं की सासू, जाऊ, नणंद सगळ्या आठवतात.

दुसरी, उत्तर हातानं देता यावं. चार मडकी मांडा. त्यांवर जातं, उखळ, चूल आणि पाण्याचा हंडा यांची चित्रं काढा. “कुठल्या कामानं जास्त दमलात?” त्या मडक्यात चिंचोका टाकायचा. संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजा. एक दणकट जातं दळून बघायला ठेवा, म्हणजे शाळेतल्या मुलींनाही आजीचे कष्ट कळतील. मुलांची बोटं सापडू नयेत म्हणून तिथं एक बाई बसवाच. नाजूक वस्तू मात्र दोरीपलीकडे.

तिसरी, सांगितलेलं वाया जाऊ देऊ नका. आधी विचारून मोबाइलवर आवाज घ्या. नाव लावायचं का, तेही विचारा. दुसऱ्या दिवशी ते कागदावर उतरवून वस्तूशेजारी लावा आणि मोठ्यानं वाचून दाखवा.

हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. विचारलं, म्हणून त्या राहिल्या. आता घरोघरी पीठ गिरणीतून येतं. ओव्या येणाऱ्या बाया थकत चालल्यात. पुढच्या बैठकीत गटातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून सुरुवात करा.