बोहारणीला देण्याआधी



गेल्या गोकुळाष्टमीची गोष्ट. आमच्या चार वर्षांच्या नातवाला शाळेत कृष्ण व्हायचं होतं. म्हणजे त्याला नव्हे, शाळेला. सुनेने पोशाख भाड्याने आणला. पिवळं पीतांबर, जरीचा शेला, मोरपिसाचा मुकुट, चकाकता कमरपट्टा. अनामत रक्कम वेगळी. मुकुटाची कड कपाळाला टोचत होती, जरीने मान खाजत होती. फोटो निघाला आणि भगवंतांनी भोकाड पसरलं. घरी येताच मुकुट एका कोपऱ्यात गेला, पट्टा दुसऱ्यात. थोड्या वेळाने पाहते तर काय, पठ्ठ्याने आजोबांचा पंचा घडी करून खांद्यावर टाकलाय, त्यावर दिवाणावरचा लोड घेतलाय आणि दारात उभा राहून ओरडतोय, "सिलिंडरऽऽ! पुस्तक आणा, सही करा!" पुढच्या तासाभरात घरात निदान सतरा सिलिंडर पोचले.

भाड्याचा पोशाख बघणाऱ्यांसाठी होता. पंचा त्याच्या स्वतःसाठी होता. आज मला या पंच्याविषयी बोलायचं आहे.

मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. वर्गाच्या एका कोपऱ्यात एक वेताची टोपली असे. तिला आम्ही 'सोंगांची टोपली' म्हणायचो. तिच्यात एकही तयार पोशाख नव्हता. राजा नव्हता, परी नव्हती, पोलीसही नव्हता. पण रोज सकाळी त्या टोपलीतून हे सगळे निघत, शिवाय भाजीवाली, कंडक्टर, नर्सबाई आणि एकदा तर नवरदेवाची घोडीसुद्धा निघाली होती. तयार पोशाखाची अडचण अशी, की पोलिसाचा पोशाख पोलिसाखेरीज दुसरं काही होऊ देत नाही. दीड मीटर निळं कापड मात्र आज नदी, उद्या पदर आणि परवा दवाखान्यातली चादर होतं. कपडा जितका अपुरा, तितकं मुलाचं डोकं जास्त चालतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी 1933 साली लेनिनग्राडमध्ये मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात त्यांनी दोन सख्ख्या बहिणींचा दाखला दिला आहे. एक पाच वर्षांची, दुसरी सात. त्या एकमेकींना म्हणाल्या, "चल, आपण बहिणी-बहिणी खेळू." आता होत्याच की त्या बहिणी! पण एरवी आपण बहीण आहोत हे त्यांच्या ध्यानातही नसायचं. खेळ सुरू होताच त्या एकसारखे कपडे घालू लागल्या, हात धरून चालू लागल्या, बहिणीने कसं वागायचं याचे नियम पाळू लागल्या. सोंग म्हणजे मोकाट सुटणं, असा आपला समज असतो. उलट सोंग घेतलं की मूल स्वतःला आवरायला शिकतं. एरवी वर्गात दोन मिनिटं एका जागी न बसणारी मुलगी 'पेशंट' झाली की पाच मिनिटं डोळे मिटून निपचित पडून राहते, ते यामुळेच.

अशा सोंगांसाठी बाजारात जायची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह तेच काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. खेड्यात महागडी साधनं कुठून आणणार? मग शिंपले, बिया, दगडगोटे, पानं हीच त्यांची साधनं झाली. आपल्या घरातलं कपाट याहून श्रीमंत आहे.

तर घरच्या अशा टोपलीत काय घालावं? आधी मोकळी कापडं. जुन्या सुती साडीचे मीटर-दीड मीटरचे चार तुकडे, कडा दुमडून शिवलेले. एकाला तरी छान काठ असावा. मग वडिलांचा जुना शर्ट. बाह्या अर्ध्या कापून उलटा, म्हणजे बटणं पाठीवर येतील असा घातला की डॉक्टर तयार. एक उपरणं, एक गांधी टोपी, एक जुनं जाकीट. काचा काढून टाकलेली चष्म्याची फ्रेम. खांद्याला अडकवायची पिशवी, कारण पिशवीशिवाय पोस्टमन नाही, कंडक्टर नाही आणि ऑफिसला जाणारी आईही नाही. बारा-पंधरा नग पुष्कळ झाले. जास्त ठेवले तर मुलं खेळत नाहीत, नुसती उपसतात. महिन्या-दोन महिन्यांनी चार काढावेत, चार नवे घालावेत.

मुलाला स्वतःला घालता-काढता आलं पाहिजे, म्हणून नाडीच्या जागी इलॅस्टिक घाला, हुकांच्या जागी टिचबटण किंवा वेलक्रो लावा. एका कपड्याला मात्र मोठी बटणं मुद्दाम ठेवा. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंनी मुलांना बटणं लावायला शिकवण्यासाठी लाकडी चौकटीवर कापडाच्या दोन पट्ट्या बसवल्या, एकीला बटणं, दुसरीला काजं. आपल्याकडे तेच काम जुनं जाकीट करतं. आणि मुलाच्या उंचीला एक आरसा लावा, शक्यतो न फुटणारा.

थोडी काळजीही घ्यायला हवी. गळ्याभोवती गाठ मारायचं काहीही नको. गळ्याशी बांधायचं असेल तर ओढताच सुटेल असं वेलक्रो लावा. कापड घोट्याखाली लोळता कामा नये, आणि ते अंगावर असताना तीनचाकी सायकल नाही, जिना नाही. नायलॉन, जॉर्जेट देवघरातल्या समईपासून लांब. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मणी, टिकल्या, सुटी बटणं टोपलीत नकोत, ती थेट तोंडात जातात. सेफ्टी पिन कोणासाठीच नको. पंधरा दिवसांनी सगळं धुऊन उन्हात वाळवा. टोप्या तर नक्कीच, नाहीतर टोपीबरोबर उवाही वाटल्या जाऊ शकतात. जड झाकणाची ट्रंक वापरू नका, बोटं चेमटतात. उघडी टोपली बरी.

आणखी एक गोष्ट वर्गात नेहमी घडायची. एखादा मुलगा साडीचा तुकडा गुंडाळून 'आई' व्हायचा आणि न्यायला आलेले मोठे लोक फिदीफिदी हसायचे. तो दुसऱ्या दिवशी त्या टोपलीकडे फिरकत नसे. ज्या महाराष्ट्रात रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची साडी पाहून बायका तशी नेसू लागल्या, तिथे चार वर्षांच्या पोराने पदर घेतला तर हसू का यावं? तो आई होऊन पाहतोय. पाहू द्या. आणि एखाद्या समाजाची थट्टा होईल असं काही टोपलीत नको. स्नेहसंमेलनात अंगाला पानं बांधून मुलांना 'आदिवासी' करतात, ते मला कधीच रुचलं नाही. टोपलीत कामाच्या वस्तू असाव्यात. टोपी, पिशवी, एप्रन. त्यातून मुलं माणसांच्या कामाची नक्कल करतात आणि त्या कामाची किंमत ओळखतात.

आपण मोठ्यांनी काय करायचं? तर फारसं काही नाही. "अरे, कंडक्टर असा नसतो," असं म्हणू नका. त्याने तिकीट मागितलं तर तिकीट काढा. आमच्या वर्गातल्या एका कंडक्टरने मला, "सुट्टे नसतील तर पुढच्या स्टॉपला उतरा," असं दरडावलं होतं. मी मुकाट्याने उतरले. मोबाईलवर त्याचं शूटिंग सुरू केलं की मात्र तो कंडक्टर राहत नाही, पुन्हा गोकुळाष्टमीचा कृष्ण होतो.

तेव्हा श्रोतेहो, एवढंच सांगायचं आहे. दिवाळीच्या आधी कपाट आवरताना जुने कपडे निघतील. दारावर बोहारीण येईल, गाठोडं सोडून बसेल. तिच्यापुढे कपडे टाकण्याआधी त्यातले चार बाजूला काढा. फार तर एक पातेलं कमी मिळेल.