काळोखातला पांढरा ठिपका
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीने मला दहा मिनिटे दिली आहेत. शाळेत आमचे बोलणे घंटेने थांबायचे, आज ते तिच्या डोळ्यांनी थांबेल. म्हणून थेट विषयावर येतो.

गेल्या वर्षभरात आपल्या व्हॉट्सॲप गटावर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा : "रात्री जनावर दिसेल असा स्वस्तातला थर्मल कोणता घेऊ?" कुणाची पारोळकडे भातशेती आहे, तिथे डुकरे उतरतात. कुणाला मनवेलपाड्यातल्या गच्चीवरून जीवदानीच्या डोंगरावर काय हलते ते बघायचे आहे. २०२४ च्या मार्चअखेर वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत आपल्या गटावर रोज नवा फोटो येत होता. त्यातले निम्मे कुत्र्यांचे होते, हे आता मान्य करायला हरकत नाही. आणि एकाने विचारले, "शिकारीला चालेल ना?" नाव सांगत नाही, तो समोरच बसला आहे.

त्याचे उत्तर आधी देतो. नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाची नासधूस होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा. बंदूक घेऊन आपण निघायचे नाही. आपल्याकडे हे यंत्र फक्त बघण्यासाठी.

माझी सगळी नोकरी कारखान्यात गेली. विजेच्या पॅनेलचा कुठला सांधा तापलाय, हे थर्मल कॅमेऱ्याने बघायचे काम. तत्त्व तेच. प्रत्येक वस्तू उष्णतेचे किरण बाहेर टाकते, यंत्र ते टिपते आणि गरम भाग पांढरा दाखवते. उजेड अजिबात लागत नाही. पण या किरणांना साधी काच आडवी येते. म्हणून यंत्राचे भिंग जर्मेनियमचे असते आणि म्हणूनच ते महाग असते. खिडकीच्या बंद काचेमागून बघाल तर बिबट्याऐवजी तुमचाच धूसर चेहरा दिसेल. दाट पानांपलीकडचेही दिसत नाही. हे दोन गैरसमज आधी काढून टाका.

आता आकडे. खोक्यावर लिहिलेले असते, "९०० मीटर". हा आकडा फसवा आहे. बघण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, तिथे काहीतरी गरम आहे हे कळणे. दुसरी, ते दोन पायांचे की चार पायांचे हे कळणे. तिसरी, नक्की कोण हे कळणे. खोक्यावरचा आकडा बहुधा पहिल्या पायरीचा असतो, तोही उभ्या माणसासाठी, स्वच्छ हवेत.

म्हणून हिशेब स्वतः करा, सातवीचे गणित पुरेल. आजच्या बहुतेक यंत्रांत सेन्सरचा एक ठिपका १२ मायक्रॉनचा असतो. १२ ला भिंगाच्या मिलिमीटरने भागा. १० चे भिंग असेल तर उत्तर १.२ येते; म्हणजे १०० मीटरवर एक ठिपका १२ सेंटिमीटर जागा व्यापतो. सत्तर सेंटिमीटर उंचीचे रानडुक्कर तिथे जेमतेम सहा ठिपके उंच दिसेल. २०० मीटरवर तीनच ठिपके. तीन ठिपक्यांत डुक्कर कुठले आणि वासरू कुठले? भिंग २५ चे घेतले तर ३०० मीटरवरही पाच ठिपके मिळतात.

सेन्सर २५६ बाय १९२ चा की ३८४ बाय २८८ चा, यावर दृश्य किती रुंद दिसेल हे ठरते. लांबचे किती बारकाईने दिसेल हे भिंग ठरवते. आपल्या बांधापुरते बघायचे असेल तर २५६ चा सेन्सर आणि १० चे भिंग चालेल. डोंगराचा उतार न्याहाळायचा असेल तर ३८४ आणि २५ च्या खाली जाऊ नका. तेवढे पैसे नसतील तर चौघांनी वर्गणी काढून एक घ्या, रोज कुणालाच लागत नाही. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा स्वस्त पडतो, पण तो माझ्यासारख्या पॅनेलवाल्याच्या कामाचा, रानाच्या नाही. डिजिटल झूमवर एक रुपयाही जास्त देऊ नका. तेच ठिपके मोठे होतात, नवीन काही दिसत नाही.

आणखी तीन गोष्टी. एनईटीडी नावाचा आकडा मिलिकेल्विनमध्ये लिहिलेला असतो, तो जितका कमी तितके चांगले; ४० च्या वर नको. आपल्या दमट हवेत पाऊस पडून गेला की माती, पाने, दगड सगळे एकाच तापमानाला येतात, तेव्हा हा आकडा कामी येतो. दुसरे, चित्र सेकंदाला निदान २५ वेळा बदलणारे हवे; ९ वाले स्वस्त असते, पण पळते जनावर त्यात अडखळत जाते. तिसरे, पाण्यापासून संरक्षण, बदलता येणारी बॅटरी आणि भारतात दुरुस्ती. उन्हाळ्यात संध्याकाळी बघू नका, कातळ दिवसभराची उष्णता धरून असतो. पहाटे तीननंतर बघा.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी भात पोटरीला आले असताना आपल्या एका वर्गमित्राच्या शेतावर मी उसने यंत्र घेऊन गेलो होतो. रात्री दोनच्या सुमारास बांधाकडेला पांढरा ठिपका दिसला. बुटका, लांबट, हळूहळू सरकणारा. मी कुजबुजलो, "डुक्कर." इतकी वर्षे हेच यंत्र वापरलेला माणूस मी, मला शंकाही आली नाही. मित्राने गोफणीत दगड घातला. हात वर गेला आणि तेवढ्यात ठिपका उभा राहिला. त्याने विडी पेटवली. पडद्यावर ती ठिणगी चांदणीसारखी चमकली. शेजारच्या शेतातले आजोबा वाकून बांधाचे पाणी फोडत होते.

आम्ही त्यांना हाक मारली, चहा पाजला, पण खरे काय झाले ते सांगायचे धाडस झाले नाही. आमच्या हातात फक्त गोफण होती. २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात मनोरच्या बाजूला रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घातली, तो गेला. ती बातमी वाचली तेव्हा माझ्यासमोर ती विडी पेटली.

आपल्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असायचे. सर, आज कबूल करतो, आम्ही अनुमान आधी लिहायचो आणि निरीक्षण त्याला जुळवून घ्यायचो. तुम्ही लाल रेघ मारायचात. त्या रात्री बांधावर मी तेच केले.

म्हणून थर्मल घ्या, जरूर घ्या, पण त्याच्याबरोबर साधी दुर्बीण आणि टॉर्च ठेवा. थर्मलने शोधा, टॉर्च लावून दुर्बिणीने ओळखा आणि तोवर आवाज द्या. तुंगारेश्वर अभयारण्यात रात्री शिरू नका. आपल्या गच्चीतून, आपल्या शेतातून बघा. बिबट्या दिसलाच तर पाठलाग नको, गटावर जागा टाकणे नको. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

पांढरा ठिपका म्हणजे निरीक्षण. डुक्कर हे अनुमान. दोहोंच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्या.

मैत्रीण घड्याळ बघते आहे.