उष्णतेपासून वीज : शिशाविना नवी वाट



चुलीवरील तव्याची लोखंडी कड हाताला चटका देते, त्याची लाकडी मूठ देत नाही. लोखंडातून उष्णता वाहते आणि वीजही वाहते. लाकडातून दोन्ही वाहत नाहीत. उष्णतेपासून थेट वीज मिळवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र वीज वाहू देणारा, पण उष्णता अडविणारा पदार्थ हवा असतो.

१८२१ साली जर्मन शास्त्रज्ञ सीबेक यांना आढळले की, दोन भिन्न धातू जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर जवळची चुंबकसूची हलते. तापमानातील फरकामुळे वीज वाहू लागते, हे त्याचे कारण होय. पदार्थातून उष्णता झरझर वाहून गेली, तर हा फरकच टिकत नाही.

या कामी शिसे व टेल्युरियम यांचे संयुग दीर्घकाळ वापरले गेले. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ला त्याच्या साह्याने वीज मिळते. परंतु मंगळावर मुले राहत नाहीत. गावातील भट्टीच्या धुराड्यावर बसविलेले साधन एक दिवस मोडीत जाणार. आणि शिसे अल्प प्रमाणातही बालकांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते.

या दृष्टीने बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील प्रा. कनिष्क बिस्वास व त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्य लक्षणीय आहे. त्यांनी चांदी, अँटिमनी व टेल्युरियम यांचे संयुग घेतले. त्यात चांदी व अँटिमनी यांचे अणू अस्ताव्यस्त बसलेले असतात आणि विजेची वाट अडवितात. दुधाला विरजण लावावे तसे थोडेसे कॅडमियम मिसळताच अणू जागोजागी शिस्तीने रांगा धरू लागले. विजेची वाट मोकळी झाली. मात्र शिस्तीचे हे पुंजके मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांएवढे सूक्ष्म असल्याने उष्णतेची कंपने त्यांच्यावर आदळून विखुरली. पदार्थाची योग्यता दर्शविणारा गुणांक दीर्घकाळ १ च्या आसपास रेंगाळत होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला २.६ पर्यंत पोहोचला.

तथापि, एक गोष्ट विसरता कामा नये. कॅडमियमही विषारीच आहे आणि टेल्युरियम दुर्मिळ आहे. ‘शिसेविरहित’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. असे साधन उद्या आपल्या गावी आले, तर त्याचे स्वागत अवश्य करावे. पण त्यात काय आहे आणि निकामी झाल्यावर ते परत कोण नेणार, हे दोन प्रश्न ग्रामपंचायतीने आधी विचारावेत. ते विचारण्याची सवय मुलांना शाळेतच लागावी, एवढीच माझी विनंती आहे.