सातबाऱ्यात नसलेली माणसे



आपल्यापैकी काही जण पूर्वजांच्या शोधात लांबून रत्नागिरीत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात याच मुलखातली माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. 1834 पासून साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि मजुरांची दप्तरे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत.

ती दप्तरे एकदा तरी बघावीत. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, मळा; पुढे पुढे फोटोसुद्धा. पळालेला मजूर ओळखून धरता यावा, हा त्यामागचा हिशेब. पण त्यामुळेच आज पणतवंडांना पणजोबांचा चेहरा पाहायला मिळतो.

आणि गावात मागे राहिलेला त्याचा भाऊ?

तो दुसऱ्याच्या शेतात राबला. सरकारी दप्तराने नोंद ठेवली ती जमिनीची आणि साऱ्याची. कोकणात तर गावेच्या गावे खोतांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांकडे. म्हणून या भावाचा ना सातबारा, ना फेरफार. आयुष्यभर माती उपसलेल्या माणसाचे त्या मातीच्या कागदावर नाव नसावे, हा उघड अन्याय आहे.

तरीही माग लागतो. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, भूमिहीनालाही जागा होती. ऑक्टोबर 1918 ची पाने काढली, तर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीखाली ओळ ‘ताप’ लिहिलेले आढळते; ती इन्फ्लुएन्झाची साथ. आई-बाप आणि लेकरू दोन-चार दिवसांच्या अंतराने गेल्याचे त्यातून कळते. मुलगा शाळेत गेला असेल, तर जनरल रजिस्टरात बापाचे नाव आणि शाळा सोडल्याचे कारण सापडते. नावे मात्र कारकुनाने कानावर पडली तशी लिहिलेली. एकाच नावावर अडून न बसता बापाचे नाव आणि गाव जुळते का, ते आधी पाहावे.

अडचण आहे ती मोडी लिपीची. जुन्या नोंदी मोडीत आणि वाचणारे थोडे. म्हणून शेजारच्या दालनात मोडीचे जाणकार दिवसभर बसणार आहेत. कागद, दाखले, जुने फोटो पिशवीत ठेवू नका, त्यांच्यापुढे मांडा. मॉरिशसहून आलेल्या पाहुण्यांची कागदपत्रे आधी पाहिली जातील. त्यांना परतीचा प्रवास लांबचा आहे.