वजनकाट्यापाशी



बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर, जळगाव जामोद हा आपला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग. तिथल्या किडनीच्या दुखण्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. मला बोलायचं आहे ते डायलिसिसच्या खोलीतल्या वजनकाट्याबद्दल.

रुग्ण आला की आधी काट्यावर उभा राहतो. वजन तीन किलो वाढलेलं दिसलं की सिस्टर ओळखते, पाणी जास्त झालं. मग सगळ्या खाटांना ऐकू जाईल असा आवाज येतो, "आजोबा, किती वेळा सांगायचं? असंच करायचं तर येऊ नका!" तिचा राग खोटा नाही. अंगात पाणी साचलं की धाप लागते, हृदयावर ताण येतो. एकदम जास्त काढावं तर रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात. पण "येऊ नका" म्हणायचा अधिकार तिला कोणी दिला?

कालव्यावरचा पाटकरी आठवा. गेटची किल्ली त्याच्या हाती, पाणी मात्र त्याचं नव्हे. शेतकऱ्यानं चूक केली तर त्यानं जरूर बजावावं. पण 'तुझी पुढची पाळी गेली' असा धाक घालू नये. तो धाक बसला की शेतात पाट कुठे फुटला, हे शेतकरी त्याला दाखवतच नाही.

रुग्णाचंही तेच. वाढलेलं पाणी काटा सांगतो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी, कोणी दिलेली जडीबुटी, हे काटा सांगत नाही. ते रुग्णानंच सांगायचं असतं, आणि भ्यालेला माणूस सांगत नाही. पुन्हा सांगतो, रागावू नका असं मी म्हणत नाही. मशीनची पाळी धाकासाठी वापरू नका.

सिस्टरचा शब्द धाकाशिवायही चालतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क तिथल्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण वर्षानुवर्षं शुश्रूषा त्यांनीच केली होती. सिस्टरच्या शब्दाला मोल येतं ते असं, शुश्रूषेतून.

एकेका सिस्टरवर किती मशीनचा भार असतो, नातेवाईक तिच्याशी कसे वागतात, हे बोलायचं राहिलंच; वेळ संपत आला. उद्या ड्युटीवर असणाऱ्या भगिनींनो, वजनाचा आकडा रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन सांगा. आणि आजोबा, त्या गोळीचं पाकीट खिशात घालून आणा, सिस्टरला दाखवा.