फेरा कुठून सुरू झाला



मसुऱ्यात येऊन मोटारीची गोष्ट सांगते, हसू नका. जर्मनीत नोकरीला असताना आम्ही पोर्शे ९४४ ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या फ्लायव्हीलपाशी दोन सेन्सर असतात, दिसायला अगदी सारखे. एक १३२ दाते मोजून इंजिनाचा वेग सांगतो. दुसरा दर फेऱ्याला एकदाच एक पिन टिपतो. त्यावरून फेरा कुठून सुरू झाला ते कळतं आणि ठिणगी वेळेवर पडते.

दोन्ही जुने झाले म्हणून मी स्वतः नवे बसवले. गाडी सुरूच होईना. दोन रविवार गेले. महागडं कंट्रोल युनिट मागवणार, तोच लक्षात आलं, प्लग मीच उलटसुलट जोडले होते. ‘सोडण्याआधी खूण बांधा’ हे सरांनी इथल्याच प्रयोगशाळेत शिकवलेलं. इंजिनिअर झाले आणि तेच विसरले.

वेग मोजणारे बाहेर पुष्कळ भेटले. आपण कुठून निघालो याची खूण मात्र इथेच आहे. ती बघायला आले.